पुरांत बुडालेल्या मोटारी आणि आपली घाई

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या कांठीं जमीन कसणाऱ्यांस महापूर म्हणजे काय हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांतील पूर आमच्या बहुतेक वाचकांनीं स्वतः पाहिले आहेत. आणि तिन्ही वेळां पाणी चढलें तें पुष्य-आश्लेषांच्या पावसांत, म्हणजे ऊंस ऐन वाढीवर असतांना. पिकाच्या, जनावरांच्या व घरांच्या नुकसानीविषयीं त्या त्या वेळीं पुष्कळ लिहिलें गेलें, पंचनामे झाले, थोडीबहुत मदतही पोंचली. परंतु नदीकांठच्या पंपघरांत शेतकऱ्यांचें जें भांडवल मोटारी, स्टार्टर, केबली व विजेच्या पेट्या यांच्या रूपानें उभें असतें, तें पाण्याखालीं गेल्यावर त्याचें काय करावें याविषयीं मात्र ज्याच्या मनास येईल तें तो करतो. कोणी मोटार उन्हांत ठेवून चार दिवसांनीं चालू करतो, कोणी ती सरसकट भरावयास टाकतो, कोणी भंगारवाल्याच्या हवालीं करतो. या तिन्ही मार्गांनीं शेतकऱ्याचा पैसा विनाकारण जातो, आणि पहिल्या मार्गानें कधीं कधीं जीवही जातो, असें आमचें मत आहे. आणि तें येथें कांहींसें विस्तारानें मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम, मोटार पुरांत सांपडतेच कां, हा प्रश्न नदी न पाहिलेले लोक नेहमीं विचारतात. पंपघर उंचावर बांधलें म्हणजे झालें, असें त्यांस वाटतें. परंतु पंप पाणी ओढतो असें आपण म्हणत असलों तरी वस्तुतः पंप आपल्या तोंडाशीं दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास नळींतून वर ढकलतो. हा हवेचा दाब समुद्रसपाटीवर फार तर ३४ फूट पाणी तोलून धरील. आपला मुलूख समुद्रसपाटीहून बराच उंच, त्यांत नळींतील घर्षण व फूटव्हॉल्व्हचा अडथळा. तेव्हां व्यवहारांत २० फुटांपलीकडे भरंवसा धरतां येत नाहीं. चैत्र-वैशाखांत पात्रांतील पाणी तळाशीं गेलेलें असतें, त्यास गांठावयाचें तर मोटार खालींच बसवावी लागते. आणि तीच नदी श्रावणांत कोठें जाते? कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं इशाऱ्याची पातळी ३९ फूट व धोक्याची ४३ फूट ठरलेली आहे. २०१९ सालीं पाणी तेथें ५५ फुटांच्या वर गेलें. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट. त्या सालीं तेथें ५७ फुटांचीही मर्यादा ओलांडली. तेव्हां जी मोटार उन्हाळ्यांत उपयोगी पडावयाची ती पावसाळ्यांत बुडावयाचीच, हा शेतकऱ्याचा गलथानपणा नव्हे. तो पंपाचा व नदीचा स्वभाव आहे. ज्याचा गलथानपणा म्हणतां येईल त्याची गोष्ट पुढें येईल.

पाणी मोटारीचें नेमकें काय बिघडवितें, हें समजून घेतल्यावांचून उपाय समजणार नाहीं. मोटारीच्या वाइंडिंगांतील तांब्याच्या तारेवर वार्निशाचा पातळ लेप असतो. तारा व लोखंड यांच्यामध्यें कागदासारख्या पत्र्यांचें अस्तर असतें. वीज तांब्यांतून वाहावी व लोखंडांत शिरूं नये, हें काम या लेपाचें व अस्तराचें. पुराचें पाणी आंत शिरलें म्हणजे अस्तर पाणी पितें आणि लेपाच्या बारीक भेगांत ओल बसते. तरी नुसतें पाणी असतें तर तें वाळलें असतें. पुराच्या पाण्याबरोबर गाळ येतो, गांवची घाण येते, शेतांतील खत येतें, कोठें फुटलेल्या टाकीचें तेल येतें. पाणी उडून जातें आणि हें सारें खाचांत मागें राहतें. वाळलेला गाळ निरुपद्रवी दिसतो; परंतु हवेंतील दमटपणा तो पुन्हां शोषून घेतो, त्यांतील क्षारांमुळें वीज त्यांतून वाट काढते, आणि दिवाळीच्या सुमारास एके रात्रीं मोटार जळते. मालक म्हणतो, पुरानंतर दोन महिने तर उत्तम चालली, मग पुराचा काय संबंध? संबंध तोच असतो. बेअरिंगांची गोष्ट याहून सोपी. गाळ म्हणजे बारीक वाळू. ती ग्रीसमध्यें मिसळली कीं गोळ्या व कडीं खरवडून काढते. गंज तर दोन-तीन दिवसांतच धरूं लागतो.

यावरून आमचें मुख्य म्हणणें वाचकांच्या ध्यानांत येईल. पूर ओसरल्यावर दोन कामें समोर असतात: मोटार धुणें आणि मोटार चालू करणें. पहिल्या कामाची जितकी घाई करावी तितकी थोडी. दुसऱ्या कामाची घाई करण्याचें बहुधा कांहींच कारण नसतें. आपल्याकडे घडतें तें याच्या अगदीं उलट. मोटार आठ-आठ दिवस गाळाच्या गोळ्यासारखी पंपघरांत पडून राहते, कारण वायरमन मिळत नाहीं, रस्ता नाहीं, घर साफ करावयाचें आहे; आणि वीज आली रे आली कीं त्याच दिवशीं बटण दाबून पाहण्याची अनावर इच्छा होते. पूर ओसरल्यावर रानांत पाण्याचा एवढा साठा असतो कीं, भाद्रपदांत ऊंसास उपशाचें पाणी देण्याची गरज क्वचितच पडते. उलट सांचलेलें पाणी चर मारून काढून द्यावें लागतें. म्हणजे ज्या पिकाकरितां आपण धांवतों त्यास मोटारीची गरज लागण्यास अजून अवकाश असतो. अपवाद एकच, आणि तो मोठा आहे: गांवच्या पिण्याच्या पाण्याचे पंप. कारागीर थोडे व मोटारी फार अशा वेळीं कोणाची मोटार आधीं हातीं घ्यावी, हें ज्याच्या ओळखी मोठ्या त्याच्यावर न सोडतां गांवानें ठरवावें, आणि पिण्याच्या पाण्यास पहिला मान द्यावा.

पंपघरांत पाऊल टाकण्यापूर्वींची गोष्ट आम्ही मुद्दाम निराळी सांगतों, कारण ती यंत्राची नसून माणसाची आहे. लाइन बंद आहे असें गांवांत सर्व म्हणतात म्हणून ती बंद आहे असें समजूं नये. पुरामध्यें उपकेंद्रेंच पाण्याखालीं गेल्यामुळें वीज तोडलेली असते, आणि तीं दुरुस्त झालीं कीं ती केव्हां सोडली जाईल हें कोणासच माहीत नसतें. तेव्हां मेन स्विच पाडून, फ्यूजच्या किटकॅटच्या ग्रिपा काढून, त्या स्वतःच्या खिशांत ठेवूनच कामास लागावें. ग्रिपा खुंटीला टांगून ठेवण्यांत अर्थ नाहीं. दुसरा कोणी तरी सद्हेतूनेंच त्या बसवितो. कॅपॅसिटर असेल तर तो विजेवांचूनही कांहीं काळ झटका देऊं शकतो. त्यास जाणत्यानेंच हात लावावा. आणि डी.पी. ही आपली नव्हे. ट्रान्सफॉर्मर बुडाला असेल तर त्याच्या तेलांत पाणी उतरलेलें असूं शकतें. पाणी तेलाहून जड असल्यामुळें तळाशीं बसतें, वरून तेल स्वच्छ दिसतें. तें तेल गाळून त्याची विजेचा दाब सोसण्याची परीक्षा झाल्यावांचून ट्रान्सफॉर्मर चालू करणें म्हणजे साऱ्या गांवच्या मोटारी धोक्यांत घालणें होय. विद्युत् कंपनीच्या माणसांस लवकर जोडा म्हणून घेराव घालणाऱ्या पुढाऱ्यांनीं, तेल तपासलें कां, हाही प्रश्न विचारावा. तसें विचारणारा पुढारी आम्हांस अद्याप आढळावयाचा आहे.

आतां धुण्याविषयीं. मोटार उघडून रोटर बाहेर काढावा आणि गाळ ओला आहे तोंवरच स्वच्छ, गोड्या पाण्यानें ती धुवावी. स्वच्छ म्हणजे विहिरीचें किंवा नळाचें. पुराच्या डबक्यांतील नव्हे. धार मध्यम असावी. मोटारसायकली धुण्याच्या जोरदार यंत्राची धार वाइंडिंगावर सोडणारे कारागीर आहेत; ती धार गाळ बाहेर काढण्याऐवजीं खाचांत अधिक खोल ठोकते व लेप उचकटते. खाचा, वायुमार्ग, टर्मिनलची पेटी यांतून गढूळ पाणी येणें थांबेपर्यंत धुवावें. तेलकटपणा असेल तर सौम्य साबणाचें पाणी वापरून पुन्हां गोड्या पाण्यानें निथळावें. बुडालेल्या विजेच्या वस्तूवर आणखी पाणी ओतावयाचें, ही कल्पनाच पुष्कळांस विपरीत वाटते. परंतु जें बुडून ओलें झालें आहे तें धुण्यानें अधिक ओलें होत नाहीं. स्वच्छ मात्र होतें. बेअरिंगांच्या बाबतींत काटकसर करूं नये. जुनें ग्रीस काढून, रॉकेलनें धुऊन तींच पुन्हां बसविण्याची रीत आहे. मोटारीच्या किमतीच्या मानानें बेअरिंगांची किंमत क्षुल्लक असते, आणि एकदां गाळ खाल्लेलें बेअरिंग बसविणें म्हणजे रोटर स्टेटरवर घासण्याची तजवीज करून ठेवणें होय.

समुद्रकांठच्या वाचकांकरितां एवढेंच सांगतों कीं, खाऱ्या पाण्याचा विळखा याहून कठीण असतो. २०१२ सालच्या ऑक्टोबरांत सँडी वादळामुळें न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत समुद्राचें पाणी शिरलें. गाड्या तर थोड्याच दिवसांत धांवूं लागल्या, परंतु क्षारांनीं खाल्लेल्या केबली व भिंती यांच्याकरितां त्यांपैकीं एका बोगद्याची मोठी दुरुस्ती २०१९ व २०२० सालांत करावी लागली. पैशाची व तज्ज्ञांची वाण नसलेल्या शहराची ही कथा. आपल्या नद्यांचें पाणी गोडें, ही त्या मानानें दैवाची कृपाच होय. परंतु ती कृपा गाळ धुऊन टाकणाऱ्यासच लाभते.

वाळविण्याच्या कामांत आपल्या लोकांचा सर्वांत मोठा विश्वास सूर्यनारायणावर. श्रावण-भाद्रपदांतील ऊन पडतें किती आणि त्या दिवसांत हवा दमट किती, याचा विचार करणारे थोडे. उन्हानें मोटारीचें वरचें लोखंड तापतें व पृष्ठभाग कोरडा दिसूं लागतो. खाचेच्या तळची ओल जागची हलत नाहीं. खरी वाळवण म्हणजे मंद, सतत ऊब आणि ओली हवा बाहेर जाण्यास वाट. लहान मोटारीस लांकडी पेटींत किंवा पत्र्याच्या पिंपांत ठेवून आंत शंभर-दोनशे वॉटचे दिवे लावावे, आणि वरच्या बाजूस भोकें ठेवावीं. भोकें न ठेवलेली पेटी म्हणजे वाफेचें भांडें होय. मोठ्या मोटारींस उष्ण हवेची खोली हवी. ऊब सावकाश चढवावी आणि वाइंडिंगाची उष्णता ९० अंशांच्या पुढें जाऊं देऊं नये. लेपाच्या आंत अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर ती लेप फोडून बाहेर पडते. मग पुरानें वांचविलेली मोटार आपण मारली असें होतें. कांहीं कारागीर वेल्डिंगच्या यंत्राचा कमी दाबाचा प्रवाह वाइंडिंगांतून सोडून आंतून ऊब देतात. ही रीत खोटी नाहीं. परंतु ती बाहेरची ओल गेल्यावर, उष्णतामापक लावून, अनुभवी माणसानेंच करावयाची आहे. प्रवाह सोडून चहास निघून जाणाऱ्याच्या हातीं आपली मोटार देऊं नये.

मोटार वाळली हें कसें ओळखावें? हात लावून ओळखतां येत नाहीं, वासानें येत नाहीं, आणि "चार दिवस झाले" हेंही उत्तर नव्हे. याचें उत्तर मेगर नांवाचें लहानसें यंत्र देतें. आपल्या नेहमींच्या ४१५ व्होल्टच्या मोटारीस ५०० व्होल्टचा मेगर लावावा. तांबें व लोखंड यांच्यामधील रोध किती, तें तो मेगओममध्यें दाखवितो. वाळवण चालू असतां दर तासास हा आंकडा वहींत लिहावा. यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसेल, व ती ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ जण घाबरतात: ऊब देण्यास प्रारंभ केल्यावर आंकडा वाढण्याऐवजीं प्रथम उतरतो. तापल्यामुळें रोध कमी होतो आणि आंतील ओल सुटून सर्वत्र पसरते. पुढें ओल बाहेर पडूं लागली कीं आंकडा चढूं लागतो, आणि शेवटीं कांहीं तास एका जागीं स्थिर राहतो. स्थिर झाला म्हणजे वाळवण पुरी झाली.

किती आंकडा पुरे, याविषयीं आपल्याकडील वायरमन मंडळींत १ मेगओमचा जुना दंडक चालतो. 'आय-ट्रिपल-ई' या विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेचें ४३ क्रमांकाचें जें मानक आहे तें आपल्या लहान दाबाच्या, सुट्या तारेनें भरलेल्या मोटारींस निदान ५ मेगओम असावे असें सांगतें, आणि तेंही वाइंडिंग ४० अंश उष्ण धरून. हा उष्णतेचा मुद्दा पोटांत घालूं नये. उष्णता १० अंशांनीं वाढली कीं रोध सुमारें निम्मा होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे २० अंशांच्या थंड सकाळीं ज्या मोटारीचे ६ मेगओम आले, तिचे ४० अंशांस दीडच राहतात. सकाळचा आंकडा दाखवून "पास झाली" म्हणणारा कारागीर खोटें बोलत नसतो, परंतु पुरतें खरेंही बोलत नसतो. आंकडा पुरेसा आला तर मोटार भरण्याची गरज नाहीं. फार तर वार्निशाचा एक हात द्यावा व तो पुन्हां वाळवावा. आंकडा चढतच नसेल तर मात्र भरण्यावांचून गत्यंतर नाहीं. जी मोटार धुऊन-वाळवून वांचली असती ती तपासल्यावांचून भरावयास देणें म्हणजे चांगलें तांबें फुकट काढून देणें होय. पुराच्या दिवसांत भरणाऱ्यांच्या दुकानांपुढें रांगा लागतात व कामें घाईनें उरकलीं जातात, हें तर सर्वांनीं पाहिलेलेंच आहे. त्या कारागिरांस आम्ही दोष देत नाहीं. रांगेंत विनाकारण उभ्या राहणाऱ्यांस देतों.

मोटारीच्या बाबतींत आम्ही वांचविण्याच्या पक्षाचे आहों. स्टार्टरच्या पेटीच्या बाबतींत मात्र तसे नाहीं. येथें शेतकऱ्याची काटकसर त्याच्यावरच उलटते. मोटार न वांचली तर ती जळते आणि कळतें. परंतु बुडालेला सर्किट-ब्रेकर पुसून, वाळवून पुन्हां बसविला तर तो वीज उत्तम वाहून नेतो. आपण समाधान पावतों. त्याचें खरें काम वीज वाहून नेणें हें नव्हे, तर आपत्तीच्या क्षणीं ती तोडणें हें होय, आणि त्याच्या आंतील नाजूक कळा गंजलेल्या व गाळानें धरलेल्या आहेत कीं नाहींत हें त्या क्षणापर्यंत कळण्याचा मार्ग नाहीं. अमेरिकेंतील विद्युत्-साहित्याच्या उत्पादकांची 'नेमा' नांवाची जी संघटना आहे, तिनें बुडालेल्या साहित्याविषयीं मार्गदर्शिका काढली आहे. मोटारी जाणत्यांकडून दुरुस्त करून घेतां येतात. परंतु बंद आवरणाचे ब्रेकर व फ्यूज हे बदललेच पाहिजेत, असा तिचा निर्णय आहे. उत्पादकांस नवा माल खपवावयाचा असतो, अशी शंका कोणी घेईल. ती शंका आम्हांसही आली होती. परंतु त्याच मार्गदर्शिकेंत महाग मोटारी दुरुस्त करण्यास मोकळीक आहे व स्वस्त फ्यूज फेंकण्यास सांगितलें आहे, हें पाहिलें म्हणजे ती टिकत नाहीं. ओव्हरलोड रिले, सिंगल-फेज प्रिव्हेंटर आणि ज्यांत इलेक्ट्रॉनिक पट्ट्या आहेत तीं सर्व उपकरणें यांसही हाच न्याय लावावा. ज्यांच्याकडे अजून जुने तेलाचे स्टार्टर आहेत त्यांनीं तें तेल सारें ओतून टाकावें; तळाशीं बसलेलें पाणी वरून दिसत नाहीं. केबलीचें तोंड पाण्याखालीं राहिलें असेल तर पाणी तारेच्या कडेनें आंत बरेंच शिरतें. तोंडाकडील भाग छाटून मेगर लावावा, आणि आंकडा तरीही न आला तर केबल बदलावी. पंपघराचें अर्थिंग तर पुन्हां तपासलेंच पाहिजे, कारण पुरानें माती वाहून गेली असेल तर अर्थिंगची तार नुसती शोभेची राहते.

वाचकांपैकीं कोणी विचारील कीं, पाण्याखालींच जन्म काढणारी सबमर्सिबल मोटार बुडत नाहीं, मग सर्वांनीं तीच कां घेऊं नये? प्रश्न योग्य आहे. त्या मोटारीच्या तारेवर प्लॅस्टिकाचें जाड आवरण असतें, आंत मुद्दाम स्वच्छ पाणी भरलेलें असतें व सीलमुळें बाहेरचा गाळ आंत येत नाहीं. पूर तिला फारसा बाधत नाहीं. बाधतो तो तिच्या कांठावरील स्टार्टरास व केबलीच्या सांध्यास. नदीच्या गाळांत ती रुतून तापण्याचा धोका मात्र असतो, आणि तिची दुरुस्तीही वेगळी. तरी नवीन योजना आंखणाऱ्यांनीं या मोटारीचा, किंवा जॅकवेलवर उंच बसविलेल्या मोटारीनें खोल पाण्यांतील पंप फिरविणाऱ्या उभ्या टर्बाइन पंपाचा विचार अवश्य करावा. खर्च प्रथम अधिक येईल. परंतु वर सांगितलेला २० फुटांचा जाच या दोन्ही प्रकारांत उरत नाहीं, कारण यांत पंप पाण्यांत असतो. त्यास ओढावयाचें नसून ढकलावयाचें असतें.

आतां गलथानपणाची गोष्ट. पाणी चढूं लागलें कीं नदीकांठीं मोटारी काढण्याची धांदल उडते; रात्रीं, पावसांत, चिखलांतून, दोर व बांबू घेऊन. लहान मोटारी निघतात. सामायिक उपसा योजनांच्या जड मोटारी निघत नाहींत, कारण वर चेनपुली टांगण्यास तुळई नसते, पायाचे नट पांच वर्षांत फिरविलेले नसतात, आणि केबल खुणा न करतां जोडलेली असते. यांतील एकही गोष्ट पुराच्या दिवशीं करण्याजोगी नाहीं व एकही उन्हाळ्यांत अवघड नाहीं. दुसरें असें कीं, काढलेल्या मोटारी २००५ च्या पाण्याच्या खुणेवर ठेवून पुष्कळ जण निश्चिंत झाले होते. २०१९ नें ती खूण पुसून टाकली. अलमट्टीमुळें पाणी तुंबलें कीं धरणांचे दरवाजे उशीरां उघडले, कीं पाऊसच अलोट झाला, हा वाद विद्वानांकडे व न्यायालयांकडे चालत राहील. तो मिटेपर्यंत स्टार्टरची पेटी जुन्या खुणेच्या भरंवशावर ठेवण्यांत शहाणपणा नाहीं. पेट्या तरी, ज्यांस सक्शनचें बंधन नाहीं, त्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेहून चार हात उंच नेतां येतात. मोटार खालीं राहणें हें नदीच्या हातीं. पेटी खालीं राहणें हें आपल्या.

आमच्या संघाच्या कांहीं सभासदांनीं अशी सूचना केली आहे कीं, पूरनिधींतून सभासदांस मोटार भरण्याकरितां अनुदान द्यावें. सूचनेमागील कळकळ आम्ही जाणतों. तरीही आमचा तिला विरोध आहे. भरण्यास पैसे मिळतात म्हटलें कीं वांचविण्याजोगी मोटारही भरण्यास जाईल, आणि निधि पहिल्याच पुरांत आटेल. त्याच पैशांतून दोन चांगले मेगर, चार चेनपुल्या, उष्ण हवेची एक खोली आणि तीं चालविण्यास शिकलेले गांवांतील सहा तरुण इतकी सिद्धता होऊं शकेल, असा आमचा अंदाज आहे. खोलीचा खर्चही कदाचित् वांचेल. साखर-कारखाने ऑगस्टांत गाळप करीत नाहींत. त्या दिवसांत त्यांचा विद्युत्-विभाग स्वतःच्या मोटारी उघडून दुरुस्त करण्यांत गुंतलेला असतो, म्हणजे माणसें हजर, हत्यारें हजर, मेगर व तापविण्याची सोय हजर. ज्यांच्या ऊंसावर कारखाना चालतो त्यांच्या मोटारींकरितां त्या सोयीचा कांहीं भाग पुराच्या पंधरवड्यांत मोकळा ठेवावा, असा करार संघानें कारखान्यांशीं पूर येण्यापूर्वीं करावा. पूर आल्यावर केलेल्या विनंतीस उपकाराचें रूप येतें.

आणि एक वही. प्रत्येक मोटारीचा मेगरचा आंकडा, त्या वेळची उष्णता, बेअरिंगांचे क्रमांक व जोडणीच्या खुणा, एवढें तींत असावें. मोटार धड असतांना तिचा आंकडा किती होता हें ठाऊक नसेल तर बुडाल्यावरचा आंकडा कशाशीं ताडून पाहणार? विमा उतरविलेला असेल तर तीच वही सर्व्हेयरपुढें ठेवतां येईल. छायाचित्रें मात्र धुण्यापूर्वीं काढून ठेवावीं. संघाचा एक मेगर व एक जाणता वायरमन वैशाखांत निघाला तर मृग लागण्यापूर्वीं नदीकांठच्या सर्व पंपघरांची फेरी पुरी होईल. अनुदानाची व या फेरीची अशा दोन्ही सूचना वार्षिक सभेपुढें यावयाच्या आहेत. सभासदांनीं सभेस येतांना आपल्या पंपघरांतील मोटारीची अश्वशक्ति, स्टार्टरची जात आणि २०१९ च्या पाण्याची भिंतीवरील खूण जमिनीपासून किती फूट आहे, एवढें लिहून आणावें.